बागेत पुन्हा पुन्हा साप निघतोय? आधी कुठला ते ओळखा, मग उपाय करा

मे सरत आला आणि पहिल्या सरी पडल्या की आमच्या रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात एकच तक्रार सगळीकडून ऐकू येते. परसात साप निघाला, कोणीतरी सर्पमित्राला बोलावलं, त्याने पकडून नेला, घरच्यांना बरं वाटलं आणि महिना झाला नाही तोच परत त्याच गडग्यात, म्हणजे दगड रचून घातलेल्या कुंपणात, दुसरा दिसला. मग सुरू होतं फिनेल टाक, लसूण ठेच, गंधक पसर, कोणीतरी ऑनलाइन पावडर मागवतो आणि हे सगळं करून पण साप येतोच. लोक विचारतात की साप घालवायचा कसा, आणि मला कायम वाटतं की आधी विचारायला हवं कुठला साप, कुठे आणि किती वाजता दिसला. कारण फुरसं ज्या कारणाने तुमच्या बागेत येतं त्या कारणाने मण्यार येत नाही, मण्यारीसाठी जो बंदोबस्त करायचा तो घोणशीला काही कामाचा नाही, आणि निम्म्या वेळेला तर तो बिचारा बिनविषारी कवड्या किंवा धामण असते जिचा काही बंदोबस्त करायचीच गरज नसते. साप नेला तरी जागा तशीच राहते. त्या जागेत त्याला खायला आणि लपायला मिळत होतं म्हणून तो आला होता, ते तसंच असेल तर दुसरा येणारच, त्यात डूख वगैरे काही नाही.

ओळखायचं कसं तर लांबून. आठ-दहा फूट अंतर ठेवायचं, मोबाईलचा झूम वापरून फोटो काढायचा, काठीने ढोसायचं नाही, पाणी मारायचं नाही. एक माणूस लांबून नजर ठेवून उभा आणि बाकीचे लहान मुलं, कुत्रा, मांजर आत घेऊन जाणार, एवढं झालं की घाई संपली. बरेच लोक त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी असं धरून चालतात आणि हे फार धोक्याचं आहे. नाग आणि मण्यार दोघांचीही डोकी त्रिकोणी नसतात, आणि उलट बिनविषारी साप घाबरला की डोकं चपटं करून त्रिकोणी दाखवतो. डोळ्याची बाहुली उभी की गोल हे पण बघत बसू नका, ते दिसेल इतक्या जवळ जायचंच नाहीये. त्यापेक्षा जागा बघा, वेळ बघा, कसा बसलाय किंवा कसा पळतोय ते बघा, आणि शेवटी अंगावरची नक्षी. चारही जुळलं तर बऱ्यापैकी खात्री होते, नाही जुळलं तर विषारी समजूनच वागा.

आता सगळ्यात आधी फुरसं, कारण आपल्याकडे सड्यावरच्या (सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार) आणि सड्याच्या कडेच्या घरांना खरी गाठ याच्याशी पडते. साप म्हणावा इतका मोठा पण नसतो, फूट-दीड फूट, जाडसर, शेपूट आखूड. रंग अगदी जांभ्या दगडाचा नाहीतर सुकलेल्या पातेऱ्याचा म्हणजे गळलेल्या पानांचा, त्यामुळे समोर असून दिसत नाही. डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण, दोन्ही बाजूंना पांढरट नागमोडी रेघ, खवले खरबरीत, अंगाला चमक अजिबात नाही. पण नक्षीपेक्षा वागण्यावरून जास्त पटकन ओळखतं. बाकीचे बहुतेक साप माणूस दिसला की पळतात, हे बऱ्याचदा जागचं हलत नाही. वेटोळ्यावर वेटोळं करून बसतं, वेटोळी एकमेकांवर घासतं आणि त्या खवल्यांचा खर्रखर्र आवाज येतो. तोंडातून नाही, अंगातून येतो आवाज. हा आवाज ऐकला की तिथेच थांबायचं, कुठे आहे ते दिसेपर्यंत पाऊल उचलायचं नाही, मग हळू मागे. ते उडी मारून अंगावर येतं असं सांगतात ते तसं नाहीये, पण झेप इतकी झटकन मारतं की बघणाऱ्याला उडाल्यासारखंच वाटतं.

खातं काय तर विंचू, गोम, किडे, पाली-सरडे, बेडूक, उंदराची पिल्लं. आता हे सगळं एकत्र कुठे मिळतं तुमच्या आवारात? दगडाखाली. रचलेला गडगा, घर बांधताना उरलेले चिऱ्याचे तुकडे जे लोक दहा-दहा वर्षं कोपऱ्यात ठेवून देतात लागतील कधीतरी म्हणून, कुंड्यांच्या खाली, सोडणांच्या म्हणजे नारळाच्या सालींच्या ढिगात, कलमाच्या बुंध्यात साठलेल्या पातेऱ्यात. पावसात जमीन ओली झाली की हेच फुरसं झुडपावर, गवताच्या थोंबावर चढून बसतं, म्हणजे तेव्हा धोका पायाला नाही तर हाताला आणि मांडीला. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, कोयती घेऊन गवत कापायला वाकतात आणि डाव्या हाताने मूठ धरतात तिथेच ते असतं.

फुरसं सगळ्यात जास्त कधी चावतं याचा विचार केला तर काम काय चाललंय ते बघा. मार्च-एप्रिलला काजूच्या बिया गोळा करायच्या, त्या पडतात पातेऱ्यात आणि आपण उचलतो नुसत्या हाताने. करवंदं काढायला जाळीत हात घालतो. आंबा पडला तो गवतातून शोधतो. नारळ पाडला तो गडग्याच्या कडेला गेला की खाली न बघता उचलतो. पायात स्लिपर, हातात काही नाही. त्यामुळे उपाय पण साधे आहेत पण रोज पाळायचे आहेत. बी उचलण्याआधी काठीने पातेरा बाजूला करायचा, दाताळ्याने ओढून घ्यायचा, जाड हातमोजे, पायात गमबूट नाहीतर निदान घोट्याच्या वर जाणारा बूट. दगड उचलायचाच असेल तर पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे दगड तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहतो. आणि विंचवासाठी पण हेच सगळं लागू होतं, तो पण त्याच दगडाखाली असतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर आयुष्यभर काम केलं ते आपल्या कोकणातच, ते काय उगाच नाही.

गडगा पाडून टाका असं मी कधीच सांगणार नाही. गडगा पाहिजेच, पण घराच्या, पायरीच्या, नळाच्या, न्हाणीच्या जवळचा जो गडगा आहे त्याच्या खालच्या दोन-तीन फुटातल्या फटी माती-सिमेंटने भरून घ्या, लांबचा राहू दे तसाच. उरलेले चिरे देऊन टाका कोणाला तरी, नाहीतर घरापासून लांब नेऊन ठेवा. कुंड्या जमिनीवर न ठेवता स्टँडवर किंवा चिऱ्यावर उंच, खालून झाडू फिरवता आला पाहिजे. घराच्या चारी बाजूंनी तीन-चार फुटाचा पट्टा खराट्याने रोज झाडून मोकळा ठेवायचा, आपल्या आज्या अंगण सारवून लख्ख ठेवायच्या त्यात हा फायदा होताच, मोकळ्या जमिनीवर फुरसं लगेच दिसतं.

मारून प्रश्न सुटत नाही याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्यांना सरकार बक्षीस द्यायचं, लोकांनी ढिगाने मारून आणली, आणि आज जाऊन बघा सड्यावर, फुरसं आहेच. कातळ आहे, फटी आहेत, विंचू-सरडे आहेत तोवर ते राहणार. आपण फक्त आपल्या हातापायाजवळची जागा त्याच्यासाठी नकोशी करू शकतो.

फुरशासारखा दिसणारा बिनधोक साप म्हणजे मांजऱ्या. याच्या पण डोक्यावर खूण असते, पाठीवर पांढरट वाकडी नक्षी असते, आणि चिडला की हा पण वेटोळं करून झेप टाकतो, म्हणून मार खातो. पण हा लांब आणि बारीक असतो, मान अगदी सडपातळ आणि शेपूट लांब, अंग गुळगुळीत, आणि घासायचा आवाज करत नाही. झाडावर, कौलात, वेलीत जास्त सापडतो. विष सौम्य, माणसाला त्यातून धोका होत नाही. तरी ओळख पटत नसेल तर फुरसंच धरून चाला.

मण्यारीचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. फुरसं आपण त्याच्या जागेत हात घालतो म्हणून चावतं, मण्यार आपल्या घरात येते. दिवसा सुस्त, वेटोळ्यात डोकं घालून पडलेली असते आणि रात्री चपळ. रंग काळा-निळसर, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बऱ्याचदा जोडीजोडीने. इथे सगळ्यात जास्त गोंधळ कवड्याशी होतो, तर लक्षात ठेवायची गोष्ट ही की मण्यारीचे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त ठळक होतात, आणि कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ठळक आणि शेपटीकडे फिके होत जातात. कवड्या तपकिरी असतो, डोकं चपटं, आणि खरबरीत चिऱ्याच्या भिंतीवर सरसर चढतो, पाली खायला. मण्यार बहुतेक वेळा जमिनीवरच. पण बहुतेक म्हणतोय, नेहमी नाही, आणि मोठ्या वयाच्या मण्यारीवर पट्टे जवळजवळ दिसेनासे झालेले पण असतात, त्यामुळे रात्री घरात काळा चकचकीत साप दिसला तर पट्टे मोजत बसू नका.

ती येते कशाला तर उंदीर, पाली, बेडूक आणि दुसरे साप खायला, कवड्या पण तिचं खाणंच आहे. म्हणजे दाराबाहेरच्या दिव्याखाली किडे जमले, किड्यांना बेडूक आणि पाली आल्या, की त्यांच्या मागे ती. आता उपाय बघा. दारावरचा पांढरा दिवा काढून दारापासून लांब लावा किंवा पिवळा लावा, पिवळ्याला किडे कमी येतात. न्हाणीच्या आणि मोरीच्या पाण्याच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी, बाजारात मिळते, स्क्रूने बसते. जुन्या घरात उंबरा झिजलेला असतो तिथली फट विसरतात लोक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पावसाच्या दिवसात जमिनीवर झोपू नका. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या, नुसती सोडलेली मच्छरदाणी कामाची नाही. गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं, पडवीत, माजघरात ओळीने बिछाने पडतात, तेव्हा तर झोपण्याआधी अंथरूण झटकून, कोपरे बॅटरीने बघून मगच झोपायचं, मुलांना तर शक्यतो वरच.

मण्यार चावल्याचं कळत नाही हे तिचं सगळ्यात भयंकर. दुखत नाही, सूज जवळजवळ नाही, दाताच्या खुणा पण नीट दिसत नाहीत, माणूस मुंगी चावली असेल म्हणून झोपतो. पहाटे पोटात जोरात दुखायला लागतं, उलट्या होतात, मग पापण्या जड होऊन उघडत नाहीत, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, पुढे श्वासाचे स्नायूच बंद पडायला लागतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असं काही होत असेल तर अपचन म्हणून ओवा-सोडा देत बसू नका, गाडी काढा.

घोणस म्हणजे भात, पेंढा आणि उंदीर. जाडजूड अंग, शेपूट आखूड, पाठीवर साखळीसारख्या तीन रांगा, गोल-लांबट गडद ठिपके आणि प्रत्येकाला काळी कड. डोकं मोठं, मानेपासून वेगळं. आणि आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जोरात सुटते ना, तसा, लांबून ऐकू येतो आणि थांबतच नाही. हा आवाज आला की मागे फिरायचं. हिच्या बाबतीत जीव जातात ते बरेचदा चुकीच्या ओळखीने, लोकांना वाटतं अजगराचं पिल्लू आहे, उचलतात, फोटो काढतात. अजगराच्या अंगावरचे चट्टे वेडेवाकडे, एकमेकांसारखे नसलेले, रांगेत नसतात. डुरक्या घोणस म्हणून जो बिनविषारी साप आहे त्याचे पण चट्टे एकमेकात मिसळलेले, शेपूट एकदम आखूड आणि टोकदार, डोळे बारीक, आणि तो असा फुत्कारत राहत नाही. पण मी तर म्हणतो कुठलंच पिल्लू हातात घ्यायचं नाही, विषय संपला. घोणशीला थेट पिल्लं होतात, एका वेळी वीस-तीस-चाळीस पण, पावसाच्या सुरुवातीला ती सगळीकडे पसरतात, आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्यात पूर्ण विष असतं. एक पिल्लू दिसलं तर त्या भागात अजून असणार असं धरून पुढचे काही आठवडे बूट घालूनच वावरा.

घोणशीचा बंदोबस्त म्हणजे उंदराचा बंदोबस्त. कोंडा, कोंबड्यांचं खाद्य, भात घट्ट झाकणाच्या पिंपात. पेंढ्याची उडवी जमिनीला टेकवू नका, माचावर उंच रचा म्हणजे खाली मोकळं राहतं. सरपण पण तसंच, भिंतीला चिकटवून जमिनीवर नको, खाली दोन चिरे ठेवून उंच करा, भिंतीपासून हातभर सोडून. गायरी म्हणजे शेणखताचा खड्डा घराला लागून असेल तर लांब न्या. बेड्यापासून म्हणजे आवाराच्या फाटकापासून घरापर्यंतच्या वाटेवरचं गवत घोट्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला भात कापणीच्या वेळी तर भाताच्या खाचरातून माणसं वाकून हात घालतात तेव्हा घोणस आणि माणूस अगदी समोरासमोर येतात. कापायच्या आधी काठी आपटत जायचं, साप आवाजापेक्षा जमिनीतला हादरा चांगला ओळखतो आणि बहुतेक वेळा सरकतो. घोणस आणि फुरसं मात्र बसून राहतात, त्यामुळे काठी आपटली म्हणजे झालं असं नाही, बघून पाऊल टाकायचंच.

नाग सगळ्यांना ओळखता येतो असं वाटतं, फणा काढला की येतोच, पण शांत चाललेला नाग फणा काढत नाही आणि तेव्हा तो धामणीसारखा दिसतो. धामणीचे डोळे मोठे असतात, ओठावर काळ्या उभ्या रेघा असतात, अंग लांबलचक आणि माणूस दिसला की सुसाट पळते. धामण असेल तर राहू द्या, तुमच्या नारळ-पोफळीतले उंदीर तीच खाते. नाग येतो तो उंदीर, बेडूक, आणि कोंबड्यांची अंडी-पिल्लं यासाठी, म्हणून खुराडं जमिनीपासून उंच आणि जाळी अर्ध्या इंचाची, मोठ्या भोकाच्या जाळीतून आत जातो आणि पिल्लू गिळून फुगला की बाहेर येता येत नाही, मग सकाळी अंडी काढायला हात घातला की काय होतं ते सांगायला नको. खुराड्यात हात घालण्याआधी बॅटरी मारून बघायची सवय घरातल्या बायकांना आणि मुलांना लावाच. मे-जूनच्या सुमाराला अंड्यातून नागाची पिल्लं बाहेर पडतात, वीतभर असतात पण फणा काढतात आणि विषारी असतात.

हिरव्या सापांबद्दल थोडक्यात. जास्वंदीवर किंवा वेलीवर काडीसारखा बारीक, टोकदार नाकाचा हिरवा तो हरणटोळ, टाळूवर डंख मारतो हे खोटं आहे, त्याला तिथेच सोडा. घाटाच्या बाजूला, आंबोली वगैरे भागात, बांबूत किंवा झाडाच्या खालच्या फांदीवर जाडसर, डोकं रुंद त्रिकोणी आणि रात्री न हलता बसलेला तो चापडा. तो विषारी आहे, चावला तर खूप दुखतं, सुजतं, जीव जाणं दुर्मिळ, पण आपल्याकडची सर्पविषाची लस त्याच्यावर लागू पडत नाही म्हणून डॉक्टरांना हिरवा होता हे आठवणीने सांगा. विहिरीजवळ, भाताच्या खाचरात जी दिवड असते ती चावरी पण बिनविषारी. आणि समुद्राला लागून घरं असलेल्यांनी किनाऱ्यावर किंवा रापणीच्या जाळ्यात आलेला चपट्या शेपटीचा साप हाताने उचलू नये, मेल्यासारखा पडलेला असला तरी, समुद्रसाप विषारी असतात आणि त्यांच्या विषावर पण ही लस नाही.

मग हे फिनेल, लसूण, गंधक, कार्बोलिक, डांबरगोळ्या. काही उपयोग होत नाही, आणि पाऊस पडला की अर्ध्या तासात वाहून विहिरीत जातं ते वेगळं. नायलॉनची बारीक जाळी कुंपणाला लावतात ती तर अजिबात नको, त्यात साप अडकतो, तडफडतो आणि अडकलेला चिडलेला साप सोडवायला कोणीतरी हात घालतंच. दूध ठेवणं बंद करा, साप दूध पिणारा प्राणीच नाही.

विषारी साप घरात किंवा अगदी दाराशी असेल तर सर्पमित्र नाहीतर वन खात्याची १९२६ ही हेल्पलाइन. बागेच्या टोकाला लांब असेल आणि जात असेल तर जाऊ द्या. मारू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा तर आहेच पण बरेच दंश हे मारायला गेलेल्यालाच होतात. आणि तोडलेलं डोकं सुद्धा काही वेळ चावू शकतं.

कोणाला पान लागलंच म्हणजे साप चावलाच तर इथे मात्र ओळख बाजूला ठेवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस आहे, त्यामुळे साप शोधत, मारून पिशवीत घालून नेत वेळ घालवायचा नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढा कारण सूज आली की निघत नाही. हात किंवा पाय फळी, पुठ्ठा काहीतरी लावून हलणार नाही असा बांधा, पण आवळून दोरी नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही. चालवत नेऊ नका, उचला, गाडीवर मध्ये बसवा, १०८ ला फोन करा पण गाडी हाताशी असेल तर वाट बघू नका. किती वाजता चावलं ते लक्षात ठेवा. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन, ब्रुफेनसारखी गोळी देऊ नका, फुरसं आणि घोणस रक्त गोठणं बिघडवतात, त्यात अशा गोळ्यांनी भर पडते. मांत्रिकाकडे, उतारा करायला नेऊन जे दोन तास जातात ते परत मिळत नाहीत.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतील आणि गोठलं का बघतील. नातेवाईक तेव्हा आरडाओरडा करतात की अजून इंजेक्शन का नाही, पण लस विषाची लक्षणं दिसली तरच देतात, तिची रिॲक्शन पण येऊ शकते. काहीच झालं नाही तरी निदान चोवीस तास तिथेच थांबा, फुरशाच्या दंशात हिरड्यातून, लघवीतून रक्त उशिरा सुरू झालेलं असतं. मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं झालं, सिंधुदुर्गातून बांबोळीला किंवा आपल्याकडून कोल्हापूरला, तर आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा आणि लस लागणार असेल तर तिचे पहिले डोस तिथेच सुरू करून मग निघा, घाटात तीन तास रिकाम्या हाताने प्रवास करू नका.

आणि हे काम आजच करून टाका: तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात फोन करून विचारा, सर्पदंशाची लस शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, नसतील तर सगळ्यात जवळ कुठे मिळेल आणि श्वासाचं मशीन कुठे आहे. उत्तर मिळेल ते रुग्णवाहिकेच्या आणि रात्री गाडी काढू शकेल अशा शेजाऱ्याच्या नंबरसकट मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण वाडीत बऱ्याच घरात आता फक्त म्हातारी माणसं असतात आणि मुंबईला फोन लागेपर्यंत त्यांना थांबता येणार नाही.